न चाखता केलेला रस्सा

आरदोच्या सुनेला डोहाळे लागले ते रमजान तोंडावर आलेला असताना, आणि लागले तेही असे, की सासूच्या हातचं काही म्हणून पोटात ठरेना.

दुसऱ्या कुणाच्या घरी असं झालं असतं तर कुणी लक्षही दिलं नसतं. पण आरदो म्हणजे इथिओपियातल्या दिरेदावा गावच्या सोमाली लग्नांत भाताच्या हंड्यापाशी मानानं बसवली जाणारी बाई. तिनं ‘आता’ म्हटल्याशिवाय हंड्यात मसाला पडायचा नाही. जिजिगाहून ती या गावात सून म्हणून आली, त्याला आता बरीच वर्षं झाली; तेवढ्या काळात तिच्या हातचं ताट कुणी बाजूला सारलेलं नव्हतं. आणि आता तिच्याच मुलाची बायको भाताचं झाकण निघालं की तोंडाला ओढणी लावून अंगणात पळत होती.

उबाह हर्गेसाची. गुणाची पोर, बोलायला कमी. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. नवरा लिबान जिबूतीच्या बंदरावर ट्रक घेऊन जायचा, घरी यायचा तो पाहुण्यासारखा. त्यामुळं घरात या दोघीच. आरदोनं सगळं करून पाहिलं. सकाळी तूप-साखर लावलेला मऊ लहोह, म्हणजे जाळीदार आंबोळ्या; उलटी. बकऱ्याची कलेजी कांद्यावर परतून दिली, उलटी. आरदोच्या बहिणीनं जिजिगाहून उंटिणीचं दूध पाठवलं, तर उबाहनं नुसतं भांडं उघडलेलं पाहूनच भिंतीकडं तोंड केलं.

“अगं, या दुधावर आमच्या कितीतरी पिढ्या वाढल्या,” आरदो म्हणाली. “पोटातलं पोर सोमालीच आहे ना?”

“एद्दो, मी काय करू हो?” उबाह रडकुंडीला आली. सासूला ती मानानं एद्दो, म्हणजे आत्या, म्हणायची. “तुपाचा वास आला की पोटात ढवळतं.”

तुपाचा वास! आरदोला ते शब्द दिवसभर टोचत राहिले. ते तूप ती स्वतः कढवायची. त्या तुपासाठी लोक डबे घेऊन यायचे.

अंगण दोन घरांचं होतं, नळ एकच. पलीकडच्या घरात मुलुनेश राहायची. ती हबेशा, म्हणजे डोंगराळ मुलखातली ख्रिस्ती, मूळची गोंडरकडची, नवरा रेल्वेत होता तो वारल्यावर हॉटेलांना इंजेरा, म्हणजे टेफ या बारीक धान्याच्या आंबवलेल्या पिठाच्या मोठ्या मऊ पोळ्या, भाजून विकायची. दोघींची स्वयंपाकघरं पाठीला पाठ लावून, मध्ये नुसता पत्रा. पत्र्याच्या या बाजूला काय शिजतंय हे त्या बाजूला झाकण उघडायच्या आधी कळायचं. रोज दुपारी दोघी एकत्र कॉफी प्यायच्या, मुलुनेश भाजलेले दाणे पुढं करायची, आरदो खजूर. पण त्यापुढं कधी गेलं नव्हतं. हबेशांनी कापलेलं मटण सोमालींना चालत नाही, मुसलमानानं कापलेलं हबेशांना चालत नाही, आणि ते ज्या भांड्यात शिजलं त्या भांड्याबद्दलही मनात शंका राहतेच. म्हणून दोघींनी मनोमन ठरवून टाकलं होतं, की ताटं आपापल्या घरात. पत्र्यावरून इकडून तिकडं जायचे ते फक्त टोमणे.

“तुझा इंजेरा म्हणजे आंबट घोंगडी,” आरदो म्हणायची. “खायचा की पांघरायचा?”

“आणि तुझा लहोह म्हणजे माझ्या इंजेऱ्याचं दिवस भरायच्या आधी जन्मलेलं पोर,” मुलुनेश म्हणायची. “बघ की, अंगात काही धरलंच नाही त्यानं.”

त्या वर्षी दोघींचेही उपास एकदमच आले. रमजान सुरू झाला, आणि मुलुनेशचा ईस्टरच्या आधीचा मोठा उपासही. आरदो दिवसभर पाणीसुद्धा घ्यायची नाही. मुलुनेश दुपार टळेपर्यंत काही खायची नाही, आणि नंतर खायची त्यात मटण नाही, अंडं नाही, दूध नाही, तूप नाही. उबाहला पोटुशी म्हणून रोजा माफ होता. पण घरात सासू उपाशी आणि आपण जेवतोय, याचीच तिला लाज वाटायची. बारीक झाली होती. हाताच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या होत्या.

एका दुपारी आरदो बाजारातून लवकर परतली. उन्हानं डोकं भणभणत होतं, घशाला कोरड. नळापाशी पिशव्या ठेवते तोच तिला पत्र्याच्या पलीकडून उबाहचं हसू ऐकू आलं. कितीतरी दिवसांनी. ती वळसा घालून गेली. मुलुनेशच्या चुलीपाशी उबाह पाटावर बसली होती, पुढ्यात इंजेरा पसरलेला, त्यावर हरभऱ्याच्या पिठाचं ते लाल, घट्ट पिठलं, ज्याला हबेशा शिरो म्हणतात. आणि मुलुनेश इंजेऱ्याच्या तुकड्यात शिरो गुंडाळून उबाहला घास भरवत होती. भला मोठा घास. उबाहचे गाल फुगले होते, डोळ्यांत तिखटानं पाणी होतं, आणि ती चावत होती, गिळत होती.

आरदोला पाहून तिचा घास तोंडातच राहिला.

“चाव, चाव,” मुलुनेश शांतपणे म्हणाली. “घास अर्धवट टाकू नये.”

“मुलुनेश, माझ्या सुनेला काय चारतेयस?” आरदोचा आवाज चढला.

“जेवण.”

“मला न विचारता? तुझ्या त्या भांड्यात...”

“माझ्या भांड्यात काय?” आता मुलुनेशही उठली. “उपास आहे माझा. या भांड्याला तुपाचं बोट लागलेलं नाही, मटण तर राहू दे. नवीन मातीचं आहे, उपासासाठी घेतलेलं. तुझ्या शेखना बोलाव आणि दाखव. पोर तिथं नळाशी बसून ओकत होती, आतून काहीच येत नव्हतं. मी विचारलं, बाई, काय खावंसं वाटतं? म्हणाली, त्या पत्र्यातून येतो तो वास. मग काय करायला हवं होतं मी? पत्र्याला भोक पाडून नुसता वास द्यायचा?”

“एद्दो, चुकलं माझं,” उबाह म्हणाली.

“तुझं काही चुकलं नाही, तू खा,” आरदो तिच्यावरच ओरडली आणि घरी निघून गेली.

घरी येऊन तिनं कणीक मळायला घेतली आणि मळतच राहिली. राग कशाचा आहे ते तिला धड सांगता आलं नसतं. मुलुनेशनं खोटं काही सांगितलं नव्हतं. पोर खात होती, यापरतं चांगलं काय? पण तिनं खावं ते दुसऱ्या बाईच्या हातून, आणि इतकं हसत, हे आरदोच्या घशाखाली उतरत नव्हतं.

सूर्य कलला तशी मुलुनेश पत्र्याला वळसा घालून आली. हातात झाकलेली थाळी.

“बांग झाली की खा,” ती म्हणाली. “तुझ्या सुनेला काय चारलं ते तुलाही कळू दे. विष असलं तर दोघी एकदमच जाल.”

बांग झाली. आरदोनं खजूर खाल्ला, पाणी प्यायली, दोन सामोसे खाल्ले. थाळीकडं पाहिलंच नाही. मग नमाज. नमाजानंतर उबाह शेजारी येऊन बसली. तिनं थाळीवरचं झाकण काढलं. आरदोनं इंजेऱ्याचा नखाएवढा तुकडा तोडला आणि शिरोत बुडवला. आधी आंबट लागलं, मग तिखट, आणि मग लसणाचा असा काही खमंगपणा वर आला, की तिनं दुसरा तुकडा जरा मोठा घेतला.

“कसं आहे, एद्दो?”

“पीठ आहे,” आरदो म्हणाली. “पीठ, मिरची आणि पाणी. यात काय आहे एवढं?”

पण थाळी परत गेली ती रिकामी. उबाहनंच धुऊन नेली, आणि मुलुनेशला कुणी खाल्लं ते बरोबर समजलं.

दुसऱ्या दिवसापासून आरदोनं चंगच बांधला. उबाहला तेच हवंय ना, मग ते आपल्या हातचं खाऊ दे. तिनं बाजारातून टेफचं पीठ आणलं, हरभऱ्याचं पीठ आणलं, बेर्बेरे हा हबेशांचा लाल मसाला आणला. लहोहसाठी पीठ आंबवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, तेव्हा इंजेरा असा काय मोठा, असं तिला वाटलं. पण टेफचं पीठ तिचं ऐकेना. एकदा ते तव्याला असं चिकटलं, की उलथन्यानं खरवडून काढावं लागलं. एकदा नुसता चिखल झाला. पत्र्यापलीकडून मुलुनेश सगळं ऐकत होती. जळका वास आला की तिकडून आवाज यायचा, “आरदो, आग विझवायला बंब बोलवू का?”

शेवटी एक इंजेरा कसाबसा जमला. जाड होता, कडांना कडक. उबाहनं तो खाल्ला. “छान झालाय,” म्हणाली. आणि मग हळूच उठून मागच्या दारानं बाहेर गेली, आणि नळ जोरात सोडून ओकली, म्हणजे सासूला ऐकू जाऊ नये.

आरदोला ऐकू गेलंच. ती चुलीपुढं बसून राहिली. जोरात सोडलेल्या त्या पाण्यानं तिचा उरलासुरला राग वाहून गेला. पोर आपलं मन राखायला उपाशी पोटी खोटं बोलत होती.

संध्याकाळी ती मुलुनेशच्या दारात गेली. आत गेली नाही.

“उद्यापासून उबाहचं दुपारचं जेवण तुझ्याकडं,” ती म्हणाली. “पीठ, मसाला, सरपण, सगळं मी देते.”

“पीठ ठेव तुझ्याकडं, तुला सरावाला लागेल,” मुलुनेश म्हणाली. मग तिचा चेहरा मऊ झाला. “मला काही नको गं. पण इतकी वर्षं शेजारी राहून मी तुझ्या घरचं काही खाल्लं नाही. एकदा मलाही काहीतरी खाऊ घाल की.”

“तुझा उपास! मटण नाही, दूध नाही, तूप नाही. मग सोमाली बाईनं करायचं काय? धुतलेलं ताट वाढू तुला?”

पण रात्रभर आरदो त्याच विचारात होती. आणि मग तिला अंबुलो आठवलं. लहानपणी जिजिगात घरात मटण नसलं की आई करायची ते. बारीक लाल चवळी मंद आचेवर तासन् तास शिजवायची, आणि वरून तिळाचं तेल आणि साखर. तिनं ते केलं, नव्या पातेल्यात, चमचासुद्धा नवा. दुसऱ्या दिवशी मुलुनेशचा उपास सुटायच्या वेळेला नेऊन ठेवलं.

मुलुनेशनं एक चमचा खाल्ला आणि आरदोकडं संशयानं पाहिलं.

“हे गोड आहे.”

“साखर घातलीय. गोडच लागणार.”

“चवळीत साखर? अगं, ही काय तऱ्हा? उद्या कॉफीत मीठ घालशील.”

“तुमच्या गावाकडं घालतातच की कॉफीत मीठ! तूच सांगितलंस. वर लोणीही घालतात.”

मुलुनेशला हसू आलं. “ते वेगळं. ते आमचं आहे.” असं म्हणत तिनं दुसरा चमचा घेतला, मग तिसरा. “तेल चांगलंय,” म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, “चवळी चांगली शिजलीय.” आणि पातेल्याचा तळ दिसायला लागल्यावर म्हणाली, “पण साखर घालायची ही काही पद्धत नाही हं. उद्या उरलं असेल तर आण, मी मीठ घालून बघते.”

तसं सुरू झालं. उबाह दुपारी पलीकडं जेवायची. कधी शिरो, कधी मसुराची लाल आमटी, कधी हळद घालून शिजवलेली कोबी-बटाट्याची भाजी. संध्याकाळी आरदोकडून एखादी वाटी तिकडं जायची. उबाहच्या गालांवर मांस दिसायला लागलं. लिबान एका खेपेला घरी आला तर बायकोकडं बघतच राहिला. “आई, तू काय खायला घालतेस हिला?” त्यानं विचारलं. “जे घालायला हवं ते,” आरदो म्हणाली, आणि विषय बदलला.

ईद होऊन गेली. मग मुलुनेशचा ईस्टर आला. आदल्या दिवसापासूनच पत्र्यापलीकडं कांदा चिरण्याचा आवाज थांबत नव्हता. हबेशांची सणाची कोंबडी म्हणजे आधी ढीगभर कांदा, तेलाशिवाय, कोरडाच परतायचा, तो विरघळून लगदा होईपर्यंत. मग बेर्बेरे, मग मसाल्याचं लोणी, आणि शेवटी कोंबडी नि उकडलेली अंडी. सकाळी तो वास पत्र्याच्या फटींतून आला आणि सगळ्या अंगणात भरून राहिला. मुलुनेशकडं पाहुणे जमले होते, हसणं-खिदळणं चाललं होतं.

उबाह पत्र्याला टेकून उभी होती. आता तिला ओकारी येत नव्हती. उलट मटण, भात, तूप, सगळं चालायला लागलं होतं. ती आरदोच्या हातचं पोटभर जेवायची, आणि आरदोला वाटत होतं, संपलं एकदाचं. पण सुनेचा चेहरा बघून तिनं ओळखलं.

“नाही,” आरदो म्हणाली.

“मी काही म्हटलंच नाही, एद्दो.”

“ती कोंबडी आपल्याला चालत नाही.”

“माहीत आहे मला.” आणि उबाहच्या डोळ्यांतून टपटप पाणी पडायला लागलं. तिचं तिलाच हसू येत होतं आणि रडूही आवरत नव्हतं. “मी वेडी झालेय का हो?”

त्या दिवशी आरदोनं आपल्या पद्धतीची कोंबडी केली, टोमॅटो आणि गरम मसाला घालून. उबाहनं ती चवीनं खाल्ली, बोटं चाटली, आणि मग प्रामाणिकपणे म्हणाली, “फार छान झालीय. पण तो वास हा नव्हे.”

दुसऱ्या दिवशी पाहुणे पांगले तशी आरदो मुलुनेशकडं गेली. या वेळी सरळ आत जाऊन बसली.

“पोरीला तुझी कोंबडी हवीय.”

“मला कालच कळलं. पत्र्याच्या फटीतून तिचं नाक दिसत होतं.” मुलुनेशनं हात पसरले. “पण मी काय करू? माझी कोंबडी तुला चालत नाही.”

“तुझी नकोच आहे. कोंबडी माझी, सुरी समोरच्या हाजींची, पातेलं माझं, चूल माझी. हात तेवढा तुझा दे.”

मुलुनेशनं तिच्याकडं पाहिलं. “तुझ्या घरात शिजवू मी?”

“चूल वेगळी नाही पेटत माझी.”

हाजींनी अल्लाचं नाव घेऊन कोंबडी कापून दिली. मुलुनेश आपलं बेर्बेरे पदराखाली धरून आली, आणि आरदोच्या स्वयंपाकघरात पहिल्यांदा चुलीपुढच्या पाटावर बसली. आपल्या जागेवर दुसरी बाई बसलेली बघून आरदोला कसंसंच झालं. तिनं कांदा चिरायला घेतला. उबाह अंडी सोलत होती.

“तूप कुठलं घालणार?” मुलुनेशनं विचारलं. “माझं मसाल्याचं लोणी आणलंय.”

“माझ्या पातेल्यात माझंच तूप पडेल.”

“तुझ्या तुपाला धुराचा वास असतो.”

“तोच तर त्याचा गुण. ज्यांना कळतो त्यांना कळतो.”

त्यावर बराच वेळ वाद झाला. शेवटी निम्मं तूप, निम्मं लोणी घालायचं ठरलं, आणि दोघींचंही मन भरलं नाही.

कोंबडी रश्शात पडली. रस्सा गडद लाल झाला, वर तवंग आला. मुलुनेशनं सवयीनं पळी उचलली, फुंकर मारली आणि तोंडाशी नेली. आरदोनं झटकन तिचं मनगट धरलं.

“अगं ए! काय करतेस? हाजींच्या हातची आहे ती. तुला चालत नाही ना?”

पळी हवेतच राहिली. मुलुनेशचा चेहरा उतरला. “बाई गं. भानच राहिलं नाही.” मग तिनं पातेल्याकडं पाहिलं. “पण मग मी करू कशी? आयुष्यात न चाखता काही शिजवलं नाही मी.”

“मी चाखते. तू विचार, मी सांगते.”

“तू कधी खाल्लीयस का ही कोंबडी? बरोबर झाली की नाही, तुला काय कळणार?”

“जीभ तर आहे ना मला!”

मग मुलुनेश विचारत गेली आणि आरदो चाखत गेली. लग्नाच्या हंड्यापाशी बसणारी आरदो आता हातात पळी घेऊन परीक्षेला बसल्यासारखी दिसत होती.

“मीठ?”

“आहे.”

“आहे म्हणजे काय? कमी का जास्त?”

“अंमळ कमी. थांब... हो, कमीच.”

“तिखट कुठं लागतंय? जिभेवर का घशात?”

आरदोनं डोळे मिटले. “घशात. टोचतंय.”

“मग मसाला अजून कच्चा आहे. शिजू दे. कांदा गोड लागतो का?”

“थोडा.”

“थोडा गोड लागायलाच हवा. पण नंतर. आधी तिखट, मग आंबूस, आणि गोड अगदी शेवटी, गिळून झाल्यावर.”

आरदोनं पुन्हा चाखलं. तिला अजून गोड आधीच लागत होतं. दोघी थांबल्या. रस्सा रटरटत होता. पुन्हा चाखलं, पुन्हा थांबल्या. उबाह भुकेनं बेजार होऊन दारात बसली होती आणि मध्ये मध्ये “झालं का हो?” विचारत होती. दोघी तिच्यावर एकदमच खेकसत होत्या.

आणि मग एकदा आरदोनं पळी तोंडाला लावली, घोट गिळला, आणि काहीच बोलली नाही.

“काय झालं?” मुलुनेश घाबरली. “खारट झालं?”

“आला,” आरदो हळूच म्हणाली. “गोड शेवटी आला.”

मुलुनेशनं पातेलं उतरवलं.

उबाह जेवायला बसली ती मान वर न करता. एक तंगडी, एक अंडं, मग आणखी एक अंडं. आरदोही तिच्या शेजारी बसून जेवली, आणि या वेळी ‘नुसतं कांदा-मिरची आहे’ असं काही म्हणाली नाही. म्हणाली, “मुलुनेश, तुझा हात चांगला आहे.” एवढंच. पण आरदो असं कुणाच्या स्वयंपाकाला म्हणाल्याचं उबाहनं त्याआधी ऐकलं नव्हतं.

मुलुनेश समोर बसून बघत होती. आपण केलेलं माणसं अशी चवीनं खाताहेत आणि आपल्याला त्यातला घास नाही, हे तिला कसं वाटत असेल, असं आरदोच्या मनात आलं. ती उठली आणि आतून झाकलेलं ताट घेऊन आली. सकाळीच करून ठेवलं होतं. मनुका घातलेला तुपातला भात, मटणाशिवाय, आणि शेजारी एक अख्खं केळं.

“आता तुझा उपास संपला,” आरदो म्हणाली. “तूप चालतं तुला.”

“हे केळं नंतर खायचं?”

“भाताबरोबर. चुरून.”

“भातात केळं?” मुलुनेशनं कपाळाला हात लावला. “तुम्ही सोमाली लोक खरंच...” पण तिनं केळं सोललं, चुरलं, भातात कालवलं आणि घास घेतला. बराच वेळ चावत राहिली. दोघी तिच्या तोंडाकडं बघत होत्या.

“भात फार सुंदर आहे,” ती शेवटी म्हणाली. “तूपही, धुरासकट. केळ्याचं मात्र देव जाणे. पुढच्या वेळी एक नुसतं दे आणि एक भातात दे, मग सांगते.”

त्यानंतर मुलुनेशचे उपासाचे दिवस आले की तिचं जेवण इकडं यायचं, आणि मटण असलं की ते ज्या घरात शिजायचं त्या घरच्या चुलीपाशी दुसरी येऊन बसायची. मटण पत्र्याच्या पलीकडं गेलं नाही, या बाजूनंही नाही आणि त्या बाजूनंही नाही. त्याची कुणाला खंतही वाटली नाही.

पावसाळा सरताना, हबेशांच्या नव्या वर्षाची पिवळी फुलं बाजारात आली त्या आठवड्यात, उबाहला मुलगी झाली. लिबान जिबूतीच्या रस्त्यावर होता. त्याला फोनवरून कळवलं, तर म्हणे तो ट्रक कडेला उभा करून एकटाच हसत बसला.

तिसऱ्या दिवशी मुलुनेश मोठा वाडगा घेऊन आली. बाळंतिणीसाठी सातूच्या पिठाची घट्ट उकड, मध्ये खळगा करून त्यात तूप आणि चिमूटभर मसाला. आरदो खोलीत धुपाचे निखारे सारखे करत होती.

“तिला मी रव्याची पेज दिलीय,” ती म्हणाली.

“पेजेनं काय होतंय? कंबर भरून यायला हवी.”

“आणि बाळंतिणीला मिरची?”

“चिमूटभर आहे. दुधाला जोर येतो.”

“कुणी सांगितलं?”

“माझ्या आईनं.”

“माझी आई म्हणायची, मिरचीनं बाळाचं पोट दुखतं.”

“दोन्ही द्या हो,” खाटेवरून उबाह म्हणाली. “मला भूक लागलीय.”

मुलुनेशनं बाळाला मांडीवर घेतलं आणि वाडगा आरदोच्या हातात दिला. आरदो खाटेच्या कडेला बसली आणि सुनेला उकड भरवायला लागली, कडेनं आत, तुपात बुडवून, मसाल्याचा भाग तेवढा हळूच बाजूला सारत.

“मी बघतेय हं,” मुलुनेश बाळावरून नजर न काढता म्हणाली.